शनिवारी मारकी, सोमवारी गरीब

प्रश्न असा आला आहे: "मी कोथरूडला राहतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर मुळशीत, पौडच्या पुढे दीड एकर जागा घेतली. तिथे एक मुऱ्हा म्हैस, एक खिल्लार गोऱ्हा (बाटलीने दूध पाजून वाढवला, आता दोन दाती, म्हणजे दोनेक वर्षांचा आहे), एक उस्मानाबादी बोकड, एक एडका (मेंढा) आणि थोड्या गावरान कोंबड्या आहेत. आम्ही दर शनिवार-रविवारी जातो. म्हैस लाथा झाडते, गोऱ्हा अंगावर येतो, बोकड मागून ढुशी देतो आणि कोंबडा माझ्या पत्नीला गाडीतून उतरू देत नाही. नातू म्हणतो, गोऱ्ह्याला बैलगाडा शर्यतीत पळवू. शांत करणारं एखादं औषध, संगीत किंवा दुसरा काही उपाय आहे का? विशेष म्हणजे आमच्या गड्याला यातलं एकही जनावर काही करत नाही."

साहेब,

तुमचं शेवटचं वाक्य पहिलं असायला हवं होतं. जनावरांचा डॉक्टर म्हणून मुळशी, मावळ, वेल्हे या पट्ट्यात माझी हयात गेली. अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत एक नवाच आजार शिरला आहे. तो सोमवार ते शुक्रवार दिसत नाही. शनिवारी सकाळी चांदणी चौकातली गर्दी पार करून गाडी फार्महाऊसच्या फाटकात शिरली की सुरू होतो आणि रविवारी संध्याकाळी गाडी पुण्याकडे वळली की आपोआप बरा होतो. पाठ्यपुस्तकात त्याला नाव नाही. औषध आहे, पण ते जनावराला द्यायचं नसतं.

गुंगीच्या इंजेक्शनचं आधी सांगून टाकतो, म्हणजे तो विषय मिटेल. असतं तसं एक, झायलाझीन नावाचं. घोड्याला जेवढं लागतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात गाय-बैल आडवे होतात. आडवं पडलेलं जनावर पोट फुगून किंवा पोटातलं श्वासनळीत जाऊन दगावू शकतं. म्हणून ते मी कापाकापी करायची असेल तेव्हा मोजून देतो आणि जनावर उठेपर्यंत शेजारून हलत नाही. मेहुण्यांना गोऱ्ह्याबरोबर फोटो काढायचा आहे म्हणून देत नाही. (अशी विनंती खरोखर आली होती. मेहुणे तुमचे नव्हते.)

आता तुमचा गडी. एखाद्या शनिवारी पाहुण्यांना घरी ठेवून एकटे जा आणि तो काय करतो ते गोठ्याबाहेर गप्प बसून बघा. ठरल्या वेळी येतो. तोच मळका शर्ट, तोच तंबाखूचा वास. लांबूनच काहीतरी पुटपुटत येतो. बहुधा शिव्याच, पण रोज त्याच शिव्या, त्याच पट्टीत. आंबोणाची (खुराकाची) बादली तीच, ती ठेवायची जागा तीच. म्हशीकडे जाताना बाजूने जातो, पाठीवर हात टाकतो आणि तो हात न उचलता पोटावरून कासेपर्यंत नेतो. म्हणजे हात आत्ता कुठे आहे आणि पुढे कुठे जाणार, हे म्हशीला सारखं कळत असतं. यात जादू काही नाही. जनावर दचकेल असं त्याच्या हातून काही घडत नाही, एवढंच. गुरांना आयुष्यात कंटाळा हवा असतो. काल जे झालं तेच आज व्हावं आणि उद्याही तेच व्हावं, याहून मोठी अपेक्षा म्हशीला नसते. हे पुणेकराला समजावून सांगावं लागू नये. दुपारी दोन वाजता दारावरची बेल वाजवणाऱ्याकडे तुम्ही ज्या नजरेने बघता, त्याच नजरेने तुमची म्हैस शनिवारी तुमच्याकडे बघते.

आता तुम्ही कसे जाता ते बघू. गाडी मागे घेतानाची टींटीं, चार दारांचा धाडधाड आवाज, फाटकाची लोखंडी कडी, नातवंडांची आरोळी, आणि कोणाच्या तरी हातात स्पीकर. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, गुरांना ३५ हजारांपर्यंत. लोखंडावर लोखंड आपटल्याचा जो कर्कश भाग आपल्या कानांपर्यंत पोचतही नाही, तो त्यांच्या कानात थेट घुसतो. फाटकाच्या कडीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. खर्च शून्य, आणि शनिवारची निम्मी कटकट तिथेच संपते.

डोळ्यांचंही ऐका. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्यांना जवळजवळ ३३० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते फक्त थेट शेपटीमागचं आणि नाकाच्या अगदी पुढ्यातलं. शहरातून आलेले पाहुणे दोन प्रकारचे असतात. एक मागून येऊन ढुंगणावर प्रेमाने थाप मारणारे, दुसरे समोरून येऊन कपाळावर हात ठेवणारे. पहिल्यांना लाथ मिळते, दुसऱ्यांना शिंग, आणि दोघेही नंतर मला फोन करून जनावर मारकं आहे असं सांगतात. लाल रंगाची भीती मात्र सोडा. तांबडा रंग वेगळा ओळखणाऱ्या पेशी गुरांच्या डोळ्यांत नसतातच. लाल ओढणीचा काय तो गुन्हा म्हणजे ती फडफडते. मोरपंखी असती आणि फडफडली असती, तरी तेवढीच शिक्षा झाली असती. खोलीचा अंदाजही गुरांना चटकन येत नाही. वाटेत पाण्याची नळी आडवी पडली किंवा दुपारची सावली पडली तरी म्हैस तिथे थबकते. तिला मागून ढकलू नका. नळी उचला.

अजून एक गोष्ट, मग एकेका आरोपीकडे वळतो. प्रत्येक जनावर स्वतःभोवती न दिसणारं कुंपण बाळगतं. गड्यासाठी ते अगदी कातडीला लागून असतं, तुमच्यासाठी दहा-पंधरा फुटांवर. कुंपणाच्या कडेवर पाय ठेवलात की जनावर सावकाश सरकतं. एकदम आत शिरलात तर त्याच्याकडे दोनच वाटा उरतात: आपण पळायचं किंवा तुम्हाला पळवायचं. दाव्याला बांधलेलं असेल तर पहिली वाट तुम्हीच बंद केलेली असते. जनावर हलवायचं असेल तर त्याचा खांदा बघा. खांद्याच्या मागच्या बाजूला राहिलात तर ते पुढे चालतं, खांद्याच्या पुढे आलात तर मागे सरतं. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन या प्राध्यापक बाईंनी जनावराला काय दिसतं, काय ऐकू येतं आणि ते कशाला बिचकतं याचा विचार करून मोठमोठ्या कळपांच्या वाटा आणि वळणं नव्याने आखली. तुम्हाला एक म्हैस गोठ्यातून हौदापर्यंत न्यायची आहे. जमेल.

म्हशीपासूनच सुरुवात करू. लाथ मारणाऱ्या म्हशीचा स्वभाव तपासण्याआधी कास तपासा. एखादा सड गरम, कडक किंवा सुजलेला आहे का, दुधात गाठी येतात का, सडाला चीर पडली आहे का, ते बघा. दगडी झालेली कास दाबली तर कोणीही लाथ मारेल, मीसुद्धा. कास चांगली असेल तर पुढचा संशयित म्हणजे धार काढणाऱ्याचा हात. वाढलेली नखं, बोटातली पुष्कराजाची अंगठी, आणि अंगठा मुडपून त्याच्या सांध्याने सड दाबायची सवय. असं काढलेलं दूध म्हशीला दुखतं, आणि कालांतराने सड कायमचा खराब होतो. धार पूर्ण मुठीने काढायची. तुमचा गडी तशीच काढत असणार. तुम्ही रविवारी हौसेने दोन धारा काढता त्या कशा, हे तुम्हाला विचारत नाही. म्हशीने सांगितलेलं आहे.

दुधाचं गणितही समजून घ्या. म्हशीच्या कासेत खाली, हाताला लगेच लागेल असं दूध फार थोडं असतं. बहुतेक सगळं वर बारीक पेशींमध्ये अडकलेलं असतं. म्हशीने पान्हा सोडला, म्हणजे ऑक्सिटोसिन रक्तात उतरलं, की ते खाली येतं, आणि तो जोर काही मिनिटंच टिकतो. म्हैस बिचकली की अॅड्रिनलिन वाढतं आणि ते ऑक्सिटोसिनचं काम अडवतं. लोक म्हणतात म्हैस पान्हा चोरते. चोरी वगैरे काही नसते. समोर सहा अनोळखी माणसं मोबाईल रोखून उभी असताना पान्हा सोडायची तिची इच्छाच होत नाही. प्रत्येक पाहुण्याने दोन-दोन धारा काढायच्या हा तुमचा रविवारचा कार्यक्रम म्हणूनच बंद करा. यावर कोणी "इंजेक्शन द्या, लगेच पान्हा सोडते" असं सुचवेल. ऐकू नका. जनावराला अपाय होईल अशा रीतीने दूध वाढवण्यासाठी काहीही टोचणं हा प्राण्यांच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

म्हैस माणसाला किती बारकाईने ओळखते ते मावळातल्या एका घरी बघायला मिळालं. घरच्या बाई बाळंतपणासाठी लेकीकडे गेलेल्या आणि म्हैस पान्हा सोडेना. मला बोलावणं आलं. मी पोचलो तोवर घरधन्यांनी स्वतःच उपाय काढला होता. भरघोस मिशांचा गृहस्थ बायकोचं हिरवं लुगडं नेसून, पदर डोक्यावरून घेऊन, बादली गुडघ्यांत धरून बसला होता. म्हशीने मान वळवून एकदा लुगडं हुंगलं, आणि दुसऱ्या क्षणाला बादलीत धारेचा आवाज सुरू झाला. ओटीवर त्यांची आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर करूनही बघितलं नाही, म्हणजे हे पहिल्यांदा होत नव्हतं. मला पाहून ते म्हणाले, "डॉक्टर, तेवढं कुठे बोलू नका." मी गावाचं नाव सांगत नाही.

तुमच्या म्हशीच्या बाबतीत आणखी एक कारण शक्य आहे, ऊन. म्हशीचं कातडं काळं आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने खूपच कमी, म्हणून ती डुंबते. तुम्ही पोचता तेव्हा ऊन चढलेलं असतं, आणि तुमच्या आगमनासाठी गड्याने तिला धुऊनपुसून, कपाळावर कुंकू लावून अंगणात बांधलेली असते. तिला सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, मग भेटायला जा. धार काढताना लाथ आवरायचीच असेल, तर मदतनिसाने बाजूला उभं राहून शेपटी मुळाशी धरून सरळ वर उचलावी. जोर बेताचा, पिरगाळायची नाही. किंवा कासेच्या पुढून पोटाभोवती एक दोरी घेऊन बेताने आवळायची. याने लाथ थांबते, कारण थांबत नाही.

संगीताचं विचारलंत. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात २००१ साली गाईंना मंद आणि द्रुत लयीची गाणी ऐकवून पाहिली. मंद लयीला दूध साधारण ३ टक्क्यांनी वाढलं, द्रुत लयीला नाही. तेव्हा लावायचंच असेल तर विलंबित ख्याल लावा, आवाज हळू ठेवा, आणि रोज तोच लावा. शनिवारी अचानक सुरू होणारं चांगलं गाणंसुद्धा म्हशीच्या हिशेबी गोंगाटच.

कोंबड्याची केस मला सगळ्यांत आवडली. पत्नीला उतरू देत नाही म्हणता, पण त्याचं वैर पत्नीशी नसावं. तुम्ही गाडी शुक्रवारी संध्याकाळी धुऊन, पुसून, चकाचक करून नेता ना? त्या चकचकीत दारात कोंबड्याला दुसरा कोंबडा दिसतो. तेवढाच ताठ, तेवढाच लालबुंद तुऱ्याचा, आणि थेट त्याच्या कोंबड्यांमध्ये येऊन उभा राहिलेला. तो त्याच्यावर झडप घालतो, आणि नेमकी तेव्हाच तुमची पत्नी ते दार उघडून मध्ये येते. ती किंचाळून दार लावून घेते, आणि कोंबड्याच्या खात्यात आणखी एक विजय जमा होतो. दर शनिवारी जिंकणारा कोंबडा रविवारी नम्र होईल ही अपेक्षाच चुकीची.

उपाय: गाडी लांब लावा किंवा धुऊ नका. ताम्हिणीकडचा पाऊस बोलावला की चिखल फुकट मिळतो. पत्नीने उतरताना हातात खराटा घ्यावा. मारायला नाही, मध्ये आडवा धरायला. मागे हटायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही. शांतपणे एक पाऊल पुढे टाकायचं. कोंबडा बाजूला झाला की तिथेच थांबायचं. लाथ मारू नये. लाथेला तो आव्हान समजतो आणि त्याच्या पायामागचं टोकदार हाड पोटरीत चांगलंच घुसतं. अंधार पडल्यावर कोंबडा बसल्या जागेवरून अलगद उचलता येतो. दोन्ही पंख दाबून काखेत धरायचा आणि अंगणात दहा मिनिटं फेऱ्या मारायच्या, शेजाऱ्यांशी गप्पा मारत. चार-सहा संध्याकाळी असं केलं की बऱ्याच कोंबड्यांचा तोरा उतरतो. कोंबडे किती आहेत तेही मोजा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो. जास्त असले की ते आपसात आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्यांशी हिशेब चुकते करतात. एवढं करूनही एखादा ऐकलाच नाही, तर पशुवैद्यकशास्त्र तिथे संपतं आणि स्वयंपाकघर सुरू होतं. गावरान कोंबड्याला शिजायला वेळ लागतो एवढंच लक्षात ठेवा.

बोकडाचं थोडक्यात. तो माजावर आला की स्वतःच्या दाढीवर मुततो, ओठ वर करून हवा हुंगतो आणि समोर येईल त्याला ढुशी देतो. वासाला उपाय नाही. ढुशीला आहे, पण त्यासाठी नातवाला समजवावं लागेल. कारण बोकड करडू असताना त्याच्या कपाळाला तळहात लावून "टक्कर टक्कर" कोण खेळलं, हे मला न विचारताही माहीत आहे. करडाला तो धडा एकदा मिळाला की जन्मभर पुरतो, फक्त वजन तीस-चाळीस किलोंनी वाढतं. पैदाशीसाठी ठेवला नसेल तर खच्ची करून घ्या. वास आणि भांडण दोन्ही कमी होतात.

एडक्याबद्दल एकच सूचना. एडका मान खाली घालून चार पावलं मागे गेला, तर तो घाबरला असं समजून हसू नका. धावायला जागा करतोय.

आता गोऱ्हा. त्याचं नाव ब्रूनो ठेवल्याचं तुम्ही फोनवर सांगितलंत. खिल्लाराचं नाव ब्रूनो, यावर मी काही बोलत नाही. बोलायचं आहे ते बाटलीबद्दल.

इथे विनोद थोडा बाजूला ठेवतो. तुमच्या फार्महाऊसवर खरोखर धोकादायक जनावर एकच आहे, आणि ते सगळ्यांत लाडकं आहे. आईवेगळा, एकटा, बाटलीवर वाढलेला गोऱ्हा गुरांमध्ये गूर म्हणून वाढतच नाही. त्याला माणूस हीच आपली जात वाटते. लहानपणी तो अंगाला अंग घासतो, मागेमागे येतो, डोक्याने ढकलतो, आणि घरचे म्हणतात किती प्रेमळ आहे. दीड-दोन वर्षांचा झाला की त्याच्या अंगात वळू जागा होतो, आणि वळूला कळपात आपली जागा ठरवायची असते. ती तो स्वतःच्या जातीच्या नराशी लढून ठरवतो. त्याच्या लेखी तो नर तुम्ही. माणसाला बिचकणारा वळू निदान अंतर ठेवतो. ब्रूनो ठेवणार नाही.

आव्हान तो असं देतो. समोर न येता आडवा उभा राहतो, म्हणजे त्याचं सगळं धूड तुम्हाला दिसेल. पाठ किंचित कमानदार, मान जाड, वशिंड ताठ, डोकं खाली, डोळे बाहेर आलेले. मग पुढच्या खुराने माती उकरून स्वतःच्या पाठीवर उडवतो, शिंगाने बांध खणतो, छातीतून डुरकतो. याच क्षणी पाहुणे म्हणतात, "बघा, कसा पोझ देतोय!" आणि फोटो काढायला दोन पावलं पुढे जातात. तो पोझ देत नसतो. शेवटची नोटीस देत असतो.

असं दिसलं तर पाठ दाखवायची नाही आणि पळायचंही नाही. पळण्यात बैल तुमच्याहून सरस आहे, आणि निवृत्त माणसाहून तर फारच. डोळ्यांत डोळे घालून बघू नका. नजर त्याच्यावर ठेवून तिरकं मागे सरका, कुंपण, झाड, ट्रॅक्टर, काहीतरी मध्ये येईपर्यंत. हातात टोपी, पिशवी असेल आणि तो धावलाच, तर ती एका बाजूला फेका आणि दुसऱ्या बाजूला निघा. त्याच्या आवारात जाणाऱ्याने निघायची वाट आत शिरण्याआधीच बघून ठेवावी. लहान मुलांनी तिथे जायचंच नाही, लाडाने नाही आणि चेंडू आणायला तर नाहीच.

कायमचा उपाय म्हणजे खच्चीकरण. बर्डिझोच्या चिमट्याने, भूल देऊन करतो. कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, चार दिवस सूज राहते. पण दुसऱ्या दिवशी ब्रूनो संत होईल अशी कल्पना करून घेऊ नका. रग उतरायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि लागलेली खोड रगेबरोबर जातेच असं नाही. म्हणून जोडीला तीन गोष्टी. जाणत्या माणसाकडून वेसण घालून घ्या, आणि ती उठसूट हिसडू नका. नाकाचा पडदा फार नाजूक असतो. सारखा ओढला की तो बधिर होतो आणि ऐन वेळी वेसण असून नसल्यासारखी. रोज ठरल्या वेळी दोन बाजूंना दोन कासरे लावून दोघांनी त्याला चालवायचं, अर्धा तास, सहा महिने. आणि त्याला गुरांची सोबत द्या, एखादी कालवड चालेल. खिळ्याची पराणी वापरायची नाही, काठीने मारायचं नाही. लाड करायचे तर गळ्याखालची पोळी खाजवा. गुरं एकमेकांना चाटतात ती तिथेच, आणि तिथे खाजवलं की ती मान लांब करून डोळे मिटतात. कपाळाला मात्र हात लावू नका, नातवाने तर नाहीच. बोकडाची गोष्ट वर झाली आहे.

शर्यतीचं नातवाला सांगा, कायद्याची अडचण उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी शर्यतींना परवानगी देणारी महाराष्ट्राची कायद्यातली दुरुस्ती वैध ठरवली. अडचण ब्रूनोची आहे. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळणारा बैल बघा. हलगी वाजतेय, भंडारा उधळतोय, हजारो माणसं ओरडतायत, आणि पळून आल्यावर त्याच बैलाला मालकाचं शाळकरी पोर कासरा धरून ओढ्यावर नेतं. तो बैल जन्मतः शांत नसतो. आदत, म्हणजे दुधाच्या दातांचा, असल्यापासून त्याला रोज चालवलेलं, पोहवलेलं, माणसांत नेलेलं असतं. आठवड्यातून दोन दिवस मालकी करून तो बैल तयार होत नाही.

स्वभाव आणि आजार यांतला फरक तेवढा सांगतो, कारण इथे चुकलं तर जिवावर बेततं. वर्षानुवर्षं गरीब असलेलं जनावर एक-दोन दिवसांत एकदम बिथरलं, तर ते दुखणं समजा. नुकतीच व्यालेली म्हैस किंवा गाय गव्हाण, भिंत, स्वतःचं अंग वेड्यासारखं चाटत सुटली तर कीटोसिस (व्याल्यावर रक्तातली साखर कमी पडून होणारा आजार) असू शकतो. गाय वळूसारखी डुरकायला लागली आणि सतत दुसऱ्यांवर चढू लागली, तर बीजांडाची तक्रार. पोटाला हात लावू देत नसेल, कण्हत असेल, तर पोटात तार किंवा खिळा गेला असेल. तुमच्याकडचं बांधकाम अजून चालू आहे, तेव्हा ही शक्यता कमी समजू नका. आवाज घोगरा झाला, जनावर सारखं ओरडतंय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, भिंतीला धडका देतंय, तर पिसाळलेलं असू शकतं. अशा वेळी घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालायचा नाही. हात घातलाच असेल किंवा लाळ जखमेवर लागली असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. जनावरासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर फिरत्या दवाखान्याचा आहे. फाटकावर रंगवून ठेवा.

आणि हो, पाहुण्यांनी आणलेल्या पुरणपोळ्या, उरलेला भात, पाव हे सगळं गव्हाणीत रिकामं करणं थांबवा. एकदम एवढं पिष्ट पोटात गेलं की आम्ल वाढतं आणि जनावर रविवारी रात्री आडवं होतं. त्याला लोक 'आता शांत झालं' म्हणतात.

ब्रूनोचं खच्चीकरण कधी करायचं ते कळवा. मंगळवार किंवा बुधवार धरा, सकाळी लवकर. आदल्या रात्री वैरण देऊ नये, पाणी द्यावं. जाड सुती दोर, एक बादली गरम पाणी आणि साबण तयार ठेवायला सांगा. गडी हजर असला पाहिजे, ब्रूनो त्याचंच ऐकतो. बाकी कोणी आलं नाही तरी चालेल. तुम्ही येणारच असाल तर गाडी रस्त्यावर लावून चालत या, आणि मेहुण्यांना आणू नका.